फुटकं गाडगं, बांगडीचा तुकडा आणि चिंध्या : लोकांनी टाकलेल्या वस्तू अंगावर वागवणाऱ्या गाडगेबाबांची गोष्ट

ही रील तुमच्यासमोर कधी ना कधी आलीच असणार. बियरची नाहीतर सरबताची रिकामी बाटली. एक जण तिच्याभोवती मार्करने सरळ रेघ मारतो, ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावतो, वरून पाण्याची बारीक धार सोडतो आणि बाटलीचा गळा वेगळा करतो. मग उरलेल्या भागाची कड पॉलिश पेपरवर घासत बसतो, कारण ती तशीच ठेवली तर पहिल्याच घोटाला ओठ कापेल. शेवटी त्या नव्या कोऱ्या ग्लासात थंडगार ताक ओतलं जातं आणि खाली कमेंट्सचा पाऊस पडतो.

याला आता अपसायकलिंग म्हणतात. टाकून द्यायच्या वस्तूला दुसरा जन्म द्यायचा आणि तिची किंमत वाढवायची.

पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात एक माणूस होता. त्याच्याकडे ग्राइंडर नव्हता, ब्लेड नव्हतं. मातीचं मडकं फुटल्यावर जो वाडग्यासारखा खोलगट तुकडा उरतो, तो त्याने उचलला. त्यातच तो जेवायचा, त्यातच पाणी प्यायचा आणि ऊन तापलं की तोच तुकडा टोपीसारखा डोक्यावर पालथा घालायचा. लोकांनी त्याचं नावच त्या मडक्यावरून ठेवलं.

गाडगेबाबा.

आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, पोस्टाच्या तिकिटावर त्यांचा चेहरा येऊन गेला, स्वच्छता अभियान म्हटलं की त्यांचा फोटो लागतो. पण हातात खराटा घेतलेल्या त्या फोटोत डोक्यावरचं खापर, कानातला काचेचा तुकडा आणि अंगावरच्या चिंध्या कुठून आल्या, हे फारसं कुणी विचारत नाही. त्यासाठी आधी देबूच्या घरात जावं लागतं.

बाटलीने मोडलेलं घर

23 फेब्रुवारी 1876. महाशिवरात्रीचा दिवस. अमरावती जिल्ह्यात, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात एका परीट कुटुंबात मुलगा जन्मला. वडील झिंगराजी, आई सखुबाई, आडनाव जानोरकर. पोराचं नाव ठेवलं डेबूजी. सगळे हाक मारायचे डेबू किंवा देबू.

गावाचे कपडे धुवायचे, थोडीफार शेती करायची आणि चार माणसांसारखं जगायचं, एवढं या घराला जमण्यासारखं होतं. पण झिंगराजींना दारूचं व्यसन लागलं. त्या काळी नवस फेडायचा असो, बारसं असो की तेरावं असो, बोकड आणि दारू असल्याशिवाय जातभाईंची पंगत पुरी व्हायची नाही. पैसे नसले तर सावकार होताच. पिणं वाढलं, कर्ज वाढलं, शेत गेलं, तब्येत गेली आणि देबू जेमतेम आठ वर्षांचा असताना झिंगराजी वारले.

पदरात लहान पोर, डोक्यावर छप्पर नाही. सखुबाईंनी देबूचा हात धरला आणि माहेर गाठलं. ते माहेर म्हणजे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरजवळचं दापुरी.

आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या घरी देबू राहू लागला. शाळेचा प्रश्नच नव्हता. पहाटे उठून गोठा साफ करायचा, गुरांना रानात न्यायचं, दुपारी रानातच भाकर सोडायची. बरोबर सगळ्या जातींची गुराखी पोरं असायची आणि देबू सगळ्यांसोबत एकत्र बसून खायचा. थोडा मोठा झाल्यावर औत हाती आलं. नांगरणी, पेरणी, निंदणी, पूर्णा नदीत पोहणं, रात्री भजन. अंगापिंडाने मजबूत आणि कामाला वाघ. दापुरीच्या शेतात हा पोरगा राबतो तसं कुणी राबत नाही, असा त्याचा लौकिक झाला.

1892 मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. संसार सुरू झाला. आता सगळं मार्गी लागेल असं वाटत असतानाच दुसरा घाव बसला.

अंगठ्याने गेलेलं शेत

त्या काळचा वऱ्हाड समजून घ्यायचा तर दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक म्हणजे कापूस. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. इथल्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. दुसरी गोष्ट म्हणजे सावकार. पीक पैशाचं झालं की पेरणीलाही पैसा लागतो, आणि तो द्यायला गावात एकच माणूस असतो. हिशेबाची वही त्याच्याकडे, लिहिणारा हात त्याचा. शेतकऱ्याकडे फक्त अंगठा.

चंद्रभान मामांचंही तेच झालं. चरित्रांमध्ये सांगतात त्याप्रमाणे मामा कर्ज फेडत राहिले आणि कागदावर मात्र ते फिटलंच नाही. अखेर जमीन सावकाराच्या नावावर गेल्याचं कळलं. हाय खाऊन मामा गेले.

सावकाराने शेताचा ताबा मागितला तेव्हा देबूने ऐकलं नाही. तो सकाळी उठून नेहमीसारखा औत घेऊन शेतात गेला. सावकार माणसं घेऊन आला, तर हा एकटा पठ्ठ्या त्यांच्यासमोर उभा राहिला. त्या दिवशी माघार सावकाराने घेतली. आपण कष्ट केलेल्या जमिनीवरून कुणी आपल्याला हुसकू शकत नाही, हे दापुरीने पहिल्यांदा पाहिलं.

पण देबूच्या मनात वेगळंच सुरू होतं. बाप दारूने गेला, मामा कर्जाने गेले. दोघांच्याही मरणाच्या मुळाशी तीच पंगत, तोच नवस आणि तोच अंगठा. एका सावकाराला पळवून काय होणार होतं? गावोगाव असे झिंगराजी आणि असे चंद्रभान होते.

त्याने सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. पहिल्या मुलीच्या बारशाला जातभाई जमले. बोकड कापला जाणार, दारू येणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. देबूने पानात गोडाचं जेवण वाढलं. कुरकुर झाली, नाकं मुरडली गेली. पण तो हटला नाही. दारूच्या नावाने घरात एक थेंब येणार नाही, हे त्याने त्या पंगतीत न बोलता सांगून टाकलं.

घर सोडलं

1899-1900 च्या मोठ्या दुष्काळाने वऱ्हाडालाही सोडलं नव्हतं. माणसं आणि गुरं तडफडून मेली. त्या सगळ्यातून गेलेला देबू आता तिशीला आला होता.

1 फेब्रुवारी 1905. पहाटेच्या अंधारात तो घरातून बाहेर पडला. अंगावर जुनं धोतर, हातात काठी आणि एक मातीचं भांडं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण ही गोष्ट सांगताना घरात मागे राहिलेल्यांबद्दल कुणी बोलत नाही. मागे म्हातारी सखुबाई होती, कुंताबाई होत्या, लहान लेकरं होती. एका बाईने नवरा दारूपायी गमावला होता आणि आता तिचा कमावता मुलगा निघून गेला होता. बाबांनी पुढे जे उभं केलं त्याची पहिली किंमत या दोन बायकांनी मोजली, आणि नंतरही आयुष्यभर मोजत राहिल्या.

पुढची बारा वर्षं देबूजी गावोगाव फिरत राहिले. एखाद्या गावात शिरायचं, कुणी शेतात अडलेलं दिसलं तर न सांगता हात लावायचा, कुणाची गाडी चिखलात रुतली असेल तर खांदा द्यायचा. रस्ता घाण दिसला तर झाडायला घ्यायचा. काम झालं की भाकर मागायची. चटणी-भाकर मिळाली तर तिथेच बसून खायची आणि पुढचं गाव धरायचं. पैसे दिले तर घ्यायचे नाहीत. काही ठिकाणी लोकांनी जेवू घातलं, काही ठिकाणी वेडा म्हणून हाकललं, काही ठिकाणी चोर समजून मारलंही.

याच काळात त्यांच्या अंगावर त्या वस्तू आल्या.

खापर, कवडी, बांगडी, चिंधी

आता या एकेका वस्तूकडे नीट बघा.

पहिलं खापर. मडकं फुटलं की ते उकिरड्यावर जातं. पण मडक्याचा बुडाकडचा भाग गोल असतो, म्हणून फुटल्यावरही त्याचा आकार वाडग्यासारखा राहतो. भाकर कुस्करून कालवण ओतता येतं, ओढ्यातून पाणी घेता येतं. पालथं घातलं तर डोक्यावर बसतं. वऱ्हाडातल्या वैशाखाच्या उन्हात, जिथे पारा 45 अंशांच्या घरात जातो, तिथे भाजलेल्या मातीची टोपी ही वेडेपणाची गोष्ट अजिबात नव्हती. एकाच तुकड्यात ताट, पेला आणि छत्री. चोरीला जायची भीती नाही, कारण ते चोरणार कोण? हरवलं तर पुढच्या गावच्या उकिरड्यावर दुसरं मिळणार.

दुसरी कवडी. ती एका कानात. एकेकाळी कवडी हे चलन होतं. नंतर तिची किंमत इतकी उतरली की काहीच नसलेल्या माणसाकडे फुटकी कवडी नाही असं आपण म्हणायला लागलो. जे चलनातून बाद झालं ते या माणसाने दागिना म्हणून घातलं.

तिसरा दुसऱ्या कानातला बांगडीचा तुकडा. ही सगळ्यात धाडसाची वस्तू. आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणतसुद्धा नाहीत, बांगडी वाढली म्हणतात. इतका त्या फुटण्याचा धसका. कारण नवरा गेला की बाईच्या हातातल्या बांगड्या फोडल्या जायच्या. म्हणजे फुटकी काच ही विधवेची खूण, अपशकुनाची वस्तू. सखुबाईंच्या हातातल्या बांगड्याही कधीतरी अशाच उतरल्या असणार. त्या काचेचा तुकडा कानात घालून हा माणूस मंगलकार्याच्या मांडवातही जायचा आणि मयताच्या दारातही.

चौथ्या चिंध्या. कुणी टाकलेलं लुगडं, कुणाच्या फाटक्या सदऱ्याचा तुकडा, असं सगळं गोधडीसारखं जोडून केलेला अंगरखा. परटाच्या घरात जन्मलेल्या, गावाचे कपडे धुणाऱ्या माणसाने स्वतः घातले ते गावाने फेकलेल्या कपड्यांचे तुकडे. म्हणून काही ठिकाणी त्यांना गोधडेबुवा म्हणायचे, काही ठिकाणी चिंधेबुवा. पण टिकलं ते गाडग्याचंच नाव.

बाबा निरक्षर होते. या वस्तूंचा अर्थ त्यांनी कुठे लिहून ठेवला नाही. पण त्यांचा उपयोग काय झाला ते दिसतं. गावात शिरताना त्यांची जात, गाव, ऐपत काहीच ओळखू यायचं नाही. भगवं नाही, गंध नाही, माळ नाही. साधू म्हणून कुणी पाया पडावं अशी एकही खूण नाही, आणि पाया पडायला कुणी वाकलंच तर बाबा काठी उगारायचे. मी कुणाचा गुरू नाही आणि माझा कुणी चेला नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत राहिली.

बाटली कापून ग्लास करणारा माणूस कड घासतो, पॉलिश करतो, कारण ती वस्तू आता दिवाणखान्यात ठेवायची असते. बाबांनी खापराला कधी रंग दिला नाही की नक्षी काढली नाही. टाकलेली वस्तू सुंदर करण्यात त्यांना रस नव्हता. स्वतःवरचा खर्च शून्यावर आणला की हातात येणारा प्रत्येक रुपया दुसरीकडे वळवता येतो, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. तो पैसा कुठे गेला, ते पुढे बघू.

ऋणमोचनचा घाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. नावाचा अर्थच कर्जातून सुटका. इथे मुद्गलेश्वराचं देऊळ आहे आणि पौष महिन्यात रविवारी मोठी यात्रा भरते. लोक लांबून नदीत आंघोळीला येतात. बाबांच्या एका मुलाचं नावही मुद्गल.

कर्जापायी ज्याच्या घरातली दोन माणसं गेली, त्याने कामाची सुरुवात या गावापासून करावी, हा योगायोग भारीच आहे.

वऱ्हाडातली काळी माती ओली झाली की काय होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. पाय रुतला की चप्पल तिथेच. नदीचा काठ निसरडा, म्हाताऱ्याकोताऱ्या बायका घसरून पडायच्या. सगळे तसेच आंघोळ करून, पुण्य घेऊन घरी जायचे. बाबांनी कुदळ घेतली आणि काठावर उतरायला वाट करायला सुरुवात केली. पुढे 1908 मध्ये तिथे घाट उभा राहिला. यात्रेत आंधळ्या, लंगड्या, महारोगी माणसांना जेवण आणि कपडे वाटायचा परिपाठही त्यांनी इथेच सुरू केला. पिढ्यान् पिढ्या नदीत डुबकी मारून ज्या ऋणातून सुटायचं होतं, त्याचा दुसरा रस्ता बाबांनी दाखवला तो हा.

हीच त्यांच्या कामाची पद्धत झाली. पंढरपूरच्या वारीला ते जायचे, पण विठ्ठलाच्या देवळात जायचे नाहीत. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखोंनी केलेली घाण खराट्याने झाडत राहायचे.

दिवसा खराटा, रात्री कीर्तन

गावात आल्यावर बाबा आधी झाडायला घ्यायचे. एक चिंध्या घातलेला म्हातारा आपलं गाव झाडतोय म्हटल्यावर लाजेकाजेस्तव चार माणसं हातात झाडू घ्यायची. संध्याकाळपर्यंत गाव लख्ख. आणि रात्री त्याच चौकात कीर्तन.

हे कीर्तन नेहमीच्या कीर्तनासारखं नव्हतं. संस्कृत श्लोक नाहीत, पुराणातल्या लांबलचक कथा नाहीत. भाषा अस्सल वऱ्हाडी आणि पद्धत प्रश्न विचारायची. बाबा विचारायचे, समोरची हजारो माणसं उत्तर द्यायची, आणि उत्तर देता देता आपणच आपल्याला पकडलंय हे त्यांच्या लक्षात यायचं. तुम्ही सरळ प्रश्न विचारा, माणूस स्वतःच खरं बोलतो, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

विषय ठरलेले. नवसाला बोकड कापू नका. दारू पिऊ नका. कर्ज काढून लग्न करू नका, सण साजरे करू नका. शिवाशिव पाळू नका. मेलेल्याला जेवू घालण्याआधी जिवंत आईबापाला जेवू घाला. आणि सगळ्यात जोर देऊन सांगायचे ते शिक्षणाबद्दल. पैसे नसले तर घरातलं जेवायचं ताट विका आणि भाकर हातावर घेऊन खा, बायकोला स्वस्तातलं लुगडं घ्या, मोडक्या घरात राहा, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका.

हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर लोकांनी ऐकून सोडून दिलं असतं. ताट विका म्हणणारा हा माणूस स्वतः फुटक्या मडक्यात जेवतो, हे समोर दिसत होतं. अंगठ्यामुळे मामाचं शेत गेलं, हे त्याने भोगलं होतं.

1923 मध्ये त्यांचा मुलगा गोविंद वारला. बातमी आली तेव्हा बाबा कोकणात कीर्तनात होते आणि त्यांनी कीर्तन अर्ध्यावर सोडलं नाही, असं सांगितलं जातं. काहींना यात वैराग्य दिसतं, काहींना निष्ठुरपणा. ज्या घरातून तो मुलगा गेला, त्या घरातल्या कुंताबाईंना काय वाटलं असेल, याची मात्र कुणी नोंद ठेवली नाही.

स्वतःसाठी खापर, लोकांसाठी दगडी इमारत

आता येऊ त्या पैशाच्या प्रश्नाकडे.

कीर्तनाची कीर्ती पसरली तसे पैसेवाले लोकही येऊ लागले. व्यापारी, जमीनदार, सरकारी अधिकारी. बाबांनी त्यांच्याकडून देणग्या घेतल्या आणि त्या विटा, दगड, चुन्यात घातल्या.

1917 च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचं काम उभं राहिलं. तिथल्या दलित वारकऱ्यांना तेव्हा ना देवळात प्रवेश होता, ना गावात राहायला जागा. विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं झालं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 मध्ये. म्हणजे देवाचं दार उघडण्याच्या तब्बल तीस वर्षं आधी बाबांनी वारकऱ्याच्या डोक्यावर छप्पर द्यायचं काम हाती घेतलं होतं.

मग यादी वाढत गेली. पंढरपुरातच आणखी एक धर्मशाळा, नाशिक, देहू, आळंदी. आपल्या वऱ्हाडात मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय. अमरावती जिल्ह्यात नागरवाडीचा आश्रम. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ धर्मशाळा, कारण गावाकडून पेशंट घेऊन आलेल्या माणसाला मुंबईत फुटपाथशिवाय जागा नसते हे त्यांनी पाहिलं होतं. आजही दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरवर उपचार घेणारी, लांबून आलेली गरीब कुटुंबं तिथे राहतात.

आणि या एकाही इमारतीत बाबा स्वतः मुक्कामाला राहायचे नाहीत. एखाद्या झाडाखाली नाहीतर बाहेरच्या झोपडीत झोपायचे. संस्थांचा कारभार विश्वस्तांकडे सोपवला, पण आपल्या घरच्यांना त्यात वाटा ठेवला नाही. 8 फेब्रुवारी 1952 ला गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली आणि हे सगळं काम एका छत्राखाली आलं.

भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, गरिबाच्या पोराला शिक्षण, बेघराला निवारा, आजाऱ्याला औषध, बेकाराला काम, मुक्या जनावराला अभय, गरिबाच्या मुलामुलींची लग्नं आणि खचलेल्याला धीर. बाबांचा धर्म म्हणजे एवढी दहा कामं. यात देवळाचा उल्लेखही नाही. ते याला रोकडा धर्म म्हणायचे. आज करायचा, उधारी नाही.

आंबेडकर, भाऊराव आणि दोन घोंगड्या

बाबांची निरक्षर माणसाशी जेवढी दोस्ती, तेवढीच सगळ्यात शिकलेल्या माणसाशीही होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांना फार मानायचे. बाबा मुंबईत आजारी असताना आंबेडकर त्यांना भेटायला गेले. तेव्हा ते देशाचे कायदामंत्री होते. त्यांनी दोन घोंगड्या नेल्या होत्या आणि कुणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, अशी आठवण सांगितली जाते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. आपण बांधलेली जागा पोरांच्या शिक्षणाच्या कामी यावी, हाच त्यामागचा विचार होता.

तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्थेतून बहुजनांच्या पोरांना शिकवत होते. त्यांचं आणि बाबांचं चांगलं जमलं. 1954 मध्ये रयतने कराडला कॉलेज काढलं आणि त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. आयुष्यात एक अक्षर न शिकलेल्या माणसाचं नाव कॉलेजच्या पाटीवर लागलं, तेही तो हयात असताना.

प्रबोधनकार ठाकरेंनी त्यांचं चरित्र लिहिलं, गो. नी. दांडेकरांनीही लिहिलं. पुढे 1977 मध्ये राजदत्त यांचा देवकीनंदन गोपाला हा सिनेमा आला आणि डॉ. श्रीराम लागूंनी बाबा पडद्यावर उभे केले.

पेढी नदीचा पूल

नोव्हेंबर 1956 मध्ये बाबांचं मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर कीर्तन झालं. त्याचं रेकॉर्डिंग आजही उपलब्ध आहे. वयाची ऐंशी वर्षं झालेली, अंगात आजार, पण आवाजातला तो प्रश्न विचारायचा वऱ्हाडी हेल तसाच. यूट्यूबवर सापडलं तर एकदा ऐका.

6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले. ही बातमी बाबांना फार लागली. त्यानंतर बरोबर 14 दिवसांनी, 20 डिसेंबर 1956 ला, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांनी प्राण सोडला. जन्म अमरावती जिल्ह्यातला, वाढले अकोला जिल्ह्यात, आणि शेवटी अमरावतीच्याच वाटेवर गेले. अमरावती शहरात ज्या भागात त्यांची समाधी आहे, त्याला आज गाडगेनगर म्हणतात.

1983 मध्ये सुरू झालेल्या अमरावती विद्यापीठाला 2005 मध्ये संत गाडगेबाबांचं नाव दिलं गेलं. अमरावती आणि अकोल्यासह पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांतली पोरं आज त्यांच्या नावाची डिग्री घेतात. त्याआधी 2000 मध्ये राज्य सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गावागावात स्पर्धा लागल्या, बक्षिसं मिळाली, हागणदारीमुक्तीची चर्चा झाली.

पण यात एक गोष्ट राहून जाते. खराटा उचलणं सोपं असतं, फोटोही चांगला येतो. बाबांच्या कीर्तनातला अर्धा भाग तर कर्ज काढून केलेली लग्नं, दारू आणि दिखाव्याचा खर्च यांवर होता. ज्या वऱ्हाडात ते हे सांगत फिरले, त्याच अमरावती, अकोला, यवतमाळच्या पट्ट्यात कर्जापायी शेतकऱ्यांनी गळफास घेतल्याच्या बातम्या गेली दोन-अडीच दशकं येत आहेत. चंद्रभान मामांच्या वेळचा सावकार बदलला, कापसाचं बियाणं बदललं, अंगठ्याच्या जागी सही आली. वहीतला हिशेब मात्र अजून बऱ्याच घरांमध्ये तसाच आहे. तो फक्त एका घराच्या उधळपट्टीने झालेला नाही, कापसाचा भाव आणि पाऊसही त्याला तेवढेच जबाबदार आहेत. तरी लग्नाच्या हॉलचं बुकिंग करताना, डीजेचा ॲडव्हान्स देताना बाबांचा तो वऱ्हाडी प्रश्न आजही कुणी विचारला तर उत्तर देणं अवघडच जाईल.

आणि हो, बाटली कापून ग्लास करायची हौस असेल तर जरूर करा. डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क लावा, कारण काचेची धूळ छातीत जाणं वाईट. ब्लेडवर पाणी सोडत राहा आणि कड नीट घासा. फक्त नवा ग्लास घेण्याचे जे पैसे वाचतील ते कुठे जातात, एवढं एकदा बघा. बाबांच्या हिशेबात खरी गोष्ट तिथून सुरू व्हायची.